ब्रेकमागची हवा



टेबलावर हे जे काळं, गोल धूड ठेवलंय, तो गाडीचा ब्रेक बूस्टर. आज बोलायचंय ते याच्याबद्दल. निमित्त आहे आपल्या हुपरी भागातल्या तरुण पोरांचं. जुन्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवून तिची ताकद वाढवायची हौस त्यांना आहे, हातात कसब आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोली या औद्योगिक वसाहती जवळ असल्यामुळे ब्रॅकेट, पुली, मॅनिफोल्ड हवं तसं करूनही मिळतं. ही हौस मला मनापासून आवडते. पण इंजिनात जादा हवा भरणारा माणूस त्याच वेळी ब्रेकलाही हात घालत असतो, आणि हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

आधी या डब्यात काय आहे ते बघू. आत रबराचा पडदा आहे. त्याच्या पुढच्या खणाला इंजिनाकडून येणारा पाइप जोडलेला असतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की थ्रॉटलची झडप मिटते. पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात, त्यामुळे हवा आत नेणाऱ्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. यालाच गॅरेजात व्हॅक्यूम म्हणतात. पाय ब्रेकच्या पॅडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना हाच व्हॅक्यूम असतो. पॅडल दाबलं की मागच्या खणात बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे रेटते. हा डबा नऊ इंची. म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ 400 चौरस सेंटिमीटर, आणि दर चौरस सेंटिमीटरला दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक अर्धा किलोहून जास्त. हिशेब करा. 200 किलोच्या पुढचा रेटा ब्रेकचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरवर पडतो, आणि तो तुमच्या पायाचा नसतो, हवेचा असतो. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांची ही सर्व्हो ब्रेकची कल्पना बॉश कंपनीने 1927 साली बाजारात आणली. तेव्हापासून जड गाडी थांबवायला पहिलवानाची मांडी लागेनाशी झाली.

आता सुपरचार्जर. त्याचा एक प्रकार तर आपल्या भागातल्या फाउंड्रीवाल्यांच्या ओळखीचा निघेल. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तो पुढे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना हवा पुरवू लागला. तोच मोटारीच्या इंजिनावर चढला. इंजिनात दाबाने हवा भरायचं पेटंट गोटलिब डाइमलरने 1885 साली घेतलं. त्याचा जोडीदार होता विल्हेल्म मेबॅक. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची जी गाडी बघायला आपण गर्दी करतो, ती त्याच नावाची.

मूळ अडचण अशी. इंजिनावर जोर असताना ब्लोअर मॅनिफोल्डमध्ये सहा-आठ पौंड दाबाने हवा भरतो. जिथून बूस्टर व्हॅक्यूम घेत होता, तिथेच आता उलटा दाब तयार होतो. तो परत येऊ नये म्हणून पाइपात एकच राखणदार असतो, हा बोटभर प्लॅस्टिकचा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. याच्या इंजिनाकडच्या तोंडाने फुंकलं तर हवा अडली पाहिजे, आणि त्याच तोंडाने ओढली तर सहज आली पाहिजे. माझ्या हातातला हा दहा-पंधरा वर्षांचा जुना, आत तेल आणि काजळी साठलेली. थोडी हवा सोडतोय. साध्या गाडीत एवढ्यावर भागून जातं. सुपरचार्जरच्या गाडीत मात्र दाब थेट पुढच्या खणात शिरतो आणि पडद्याला मागे ढकलतो. पॅडल दगडासारखं होतं.

दुसरी चूक टॅपची, म्हणजे बूस्टरचा पाइप जिथून काढायचा त्या जागेची. ब्लोअर आधी आणि थ्रॉटल नंतर अशी मांडणी असेल आणि पाइप त्या दोघांच्या मधून काढला, तर तिथे व्हॅक्यूम कधीच मिळणार नाही. टॅप थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूलाच हवा. पाइपही व्हॅक्यूमचाच घ्या. साधी मऊ नळी गरम झाली की आतल्या ओढीने चपटी होते, आणि इंजिन बंद करून बघायला जावं तर पुन्हा गोल झालेली असते. असा दोष शोधताना चांगले मिस्त्रीही थकतात.

ताकदीसाठी कॅमशाफ्टही बदलला असेल, तर आयडलिंगलाच व्हॅक्यूम कमी पडतो. अशा वेळी काही जण जादा टाकी बसवतात. टाकी व्हॅक्यूम साठवते, तयार करत नाही. इंजिनच कमी देत असेल तर टाकीत साठणार काय? मग पंप लागतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत असतो तसा विजेवरचा पंप, स्वतंत्र फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विचसह. खर्च होतो, पण तो सुपरचार्जरच्या खर्चातच धरायचा.

डिझेलवाल्यांना असा पंप नवीन नाही. जुन्या डिझेल इंजिनात थ्रॉटलची झडपच नसते, म्हणून सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि दोन-तीन ब्रेकनंतर पॅडलही जड होतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून करूळ किंवा फोंडा घाट उतरणारे ड्रायव्हर अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, बूस्टरमधला साठा त्या दोन-तीन दाबांपुरताच असतो. त्यानंतर ब्रेक लागतो, पण पायात सगळा जीव ओतावा लागतो, आणि वळणावर घाबरलेला माणूस तेवढा दाबत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं. तेव्हा असा प्रयोग बंद ट्रॅकवरच करा.

घरी जाऊन एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी, गाडी साधी असली तरी. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा दाबा. पहिला दाब मऊ लागला तर एनआरव्ही धरतोय. कडक लागला तर कुठेतरी हवा शिरतेय. ती सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.