पातळ वेष्टनाचा प्रश्न

औषधांच्या दुकानातून घरी येणाऱ्या सॅनिटरी नॅपकिनच्या पुड्याला बहुधा दोन वेष्टने असतात. बाहेरची छापील, रंगीत पिशवी पुडा रिकामा होताच टाकून दिली जाते. आतले वेष्टन एकेका पॅडभोवती असते आणि पुष्कळदा वापरलेले पॅड त्यातच गुंडाळून टाकण्यात येते. दोन्ही वेष्टने प्लास्टिकचीच. परंतु दोहोंचा शेवट भिन्न असल्यामुळे त्यांचा विचारही वेगळा करावयास हवा.

या वेष्टनांसाठी मुख्यतः वापरले जाणारे पॉलिएथिलीन १९३३ साली योगायोगानेच हाती लागले. इंग्लंडमध्ये नॉर्थविच येथे आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करीत असता, पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ उरलेला दिसला. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी तो कमी दाबाखाली तयार करण्याची रीत शोधली. आज याच पदार्थाचे दाणे वितळवून वर्तुळाकार फटीतून नळीच्या रूपाने बाहेर काढतात, आत हवा भरून तिचा फुगा करतात आणि तो निवल्यावर चपटा करून गुंडाळतात. हीच ती फिल्म.

फिल्मची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. ५० मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर फिल्मचे वजन सुमारे ४६ ग्रॅम भरते. ४० मायक्रॉनच्या फिल्मचे सुमारे ३७ ग्रॅम. म्हणजे एक पंचमांश प्लास्टिक वाचले. तथापि ही बचत सहजासहजी होत नाही. पुड्यात पॅड दाबून भरलेली असतात. ती आतून सतत रेटा देतात. फिल्म फाटता कामा नये, सांधा उसवता कामा नये, आणि वेगाने चालणाऱ्या यंत्रावर ती ताणलीही जाता कामा नये. पूर्वापार उपाय असा, की पॉलिएस्टरसारख्या ताठ फिल्मचा थर तिला चिकटवावयाचा. पण दोन जातींचे प्लास्टिक एकदा चिकटले, की त्यांची फारकत करणे दुरापास्त होते. म्हणून आता पॉलिएथिलीनच्याच निरनिराळ्या प्रकारांचे थर एकत्र काढतात, किंवा फिल्म एका दिशेने ताणून तिला ताठपणा आणतात. सर्व थर एकाच जातीचे असल्याने ती पुन्हा वितळविता येते.

येथे एक विसंगती उभी राहते. सामान वाहून नेण्याच्या पिशव्यांची किमान जाडी भारत सरकारने २०२१ च्या सुधारित नियमांन्वये ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. जाड पिशवी पुन्हा वापरता येते आणि वेचणाऱ्यालाही परवडते, असा यातला विचार. कचरावेचक स्त्रीला मोबदला मिळतो तो वजनावर. ५० मायक्रॉनच्या फिल्मचा एक किलो जमविण्यास सुमारे २२ चौरस मीटर फिल्म वेचावी लागते. ४० मायक्रॉनच्या फिल्मचा जमविण्यास सुमारे २७. कारखान्यात जी बचत, तीच उकिरड्यावर तिच्या कमरेची मेहनत वाढविते.

या विसंगतीतून वाट काढावयाची तर दोन वेष्टनांचे दोन धर्म ओळखले पाहिजेत. आतले वेष्टन पॅडबरोबर जाते. ते परत मिळणार नाही. तेथे पातळपणा हाच सद्गुण. बाहेरची पिशवी मात्र स्वच्छ राहते. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, बेताच्या छपाईची असावी, आणि ती गोळा करण्याचा भार उत्पादकाने उचलावा. वेष्टनाच्या कचऱ्याबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरवून देणारी मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये जारी झाली, त्यांचा रोख हाच आहे. मात्र त्या खर्चातील वाटा वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला पाहिजे.

उरलेले काम घराघरांतले आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेली पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले. उद्देश एवढाच, की न उघडताच आत काय आहे ते कळावे आणि हात विटाळू नयेत, रोगाला बळी पडू नयेत. रिकामी पिशवी सुक्या कचऱ्यात आणि वापरलेले पॅड खूण करून वेगळे, एवढा विवेक पाळला गेला नाही, तर प्रयोगशाळेतील सारे कौशल्य त्याच घाणीत बुडेल. आणि ती घाण उपसण्याचे काम, आजच्याप्रमाणेच, दुसऱ्याच कुणा स्त्रीच्या उघड्या हातांवर पडेल.