कॅल्क्युलेटर झोपतो तेव्हा

इयरफोन लावलेत? मग आधी एक प्रश्न. रात्री फोनचं बाजूचं बटण दाबून स्क्रीन काळी केली, की फोन बंद होतो का? नाही ना. तो नुसता झोपतो. मला हे फोनने नाही, एका कॅल्क्युलेटरने शिकवलं. आणि त्याचा भुर्दंड पडला माझ्या मावसबहिणीला.

मी नववीत असताना बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीला गेलो. तिथे गणिताच्या तासाला ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो. ताईकडे टीआय-८३ प्लस होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९९ साली आणलेला ठोकळा. झेड-८० प्रोसेसर, वेग ६ मेगाहर्ट्झ, स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांची. चार ट्रिपल-ए सेल, शिवाय मेमरी जपायला एक छोटा बटणासारखा सेल.

'सेकंड' आणि मग 'ऑन' दाबलं की तो बंद होतो, असं आपल्याला वाटतं. आत काय होतं? ओएस स्क्रीन बंद करते, फक्त ऑन बटणाकडे कान ठेवते आणि प्रोसेसरला 'हॉल्ट' म्हणजे 'थांब' सांगते. रॅमला वीज मिळतच राहते. म्हणून तर दुसऱ्या दिवशी तुमचे प्रोग्राम जसेच्या तसे सापडतात.

आता गंमत ऐका. या झोपेच्या आधी एक फट आहे. 'ऑफस्क्रिप्ट' नावाची फाइल ठेवायची. नावाला जास्तीत जास्त आठच अक्षरं चालतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला 'आय' गाळायचा. एक फ्लॅग चढवायचा. मग ओएस झोपायच्या आधी त्या फाइलमधला तुमचा असेंब्ली कोड चालवते. हे कळलं आणि मी उडालोच!

मी ठरवलं, ताईने कॅल्क्युलेटर बंद केला की स्क्रीनवर दोन सेकंद देवनागरीत 'शुभ रात्री' दिसलं पाहिजे. वहीत चौकोन आखून एकेक ठिपका मांडला. 'त्री'ने तर घाम फोडला. दोन सेकंद मोजायला 'हॉल्ट'च वापरला. प्रोसेसर थांबतो, टायमरचा इंटरप्ट येऊन त्याला हलवतो, आपण एक आकडा कमी करतो, पुन्हा थांबतो. झकास चाललं.

मग शेवटच्या क्षणी मला वाटलं, चित्र काढताना कुणी मध्ये नको. म्हणून सुरुवातीला 'डीआय' टाकलं, म्हणजे इंटरप्ट बंद. ते परत चालू करणारं 'ईआय' टाकायचं राहिलं. एका बाइटची सूचना! पुन्हा तपासलंही नाही. तसाच कोड ताईच्या कॅल्क्युलेटरवर चढवला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी बुधवारी तिने तो बंद केला, झाकण सरकवलं आणि दप्तरात टाकला. आत 'शुभ रात्री' उमटलं आणि प्रोसेसर थांबला. पण उठवणार कोण? इंटरप्ट तर मीच बंद केलेले. ऑन बटणही इंटरप्टनेच हाक मारतं, तीही ऐकू जाईना. स्क्रीन मात्र झाकणाखाली चालूच. सेल आधीच अर्धे संपलेले.

सोमवारी परीक्षा होती. ताईने झाकण काढलं, तर स्क्रीन कोरी. धावपळ करून नवे सेल घातले. ऑन दाबल्यावर संदेश आला, रॅम साफ झाली. वर्षभर तिने लिहिलेले फिजिक्सचे प्रोग्राम आणि अर्धवट राहिलेला सापाचा खेळ, सगळं गेलं. आर्काइव्हमध्ये, म्हणजे फ्लॅश मेमरीत ठेवलेलं तेवढं वाचलं. तिथे काय होतं? दोन याद्या.

संध्याकाळी मी सगळं कबूल केलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "झोपवायला गेलास आणि चार दिवस जागाच ठेवलास की रे त्याला!" मग वही उघडली आणि मला शेजारी बसवलं. तिला आठवतील तसे ते प्रोग्राम आम्ही दोघांनी पुन्हा लिहिले. साप मात्र परत आला नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. बंद होताना चालणारा कोड लिहिला, की आधी बघतो, मी जे जे बदललं ते जाताना जागेवर ठेवलं का? कारण तिथे चूक झाली तर ती बघायला कुणी जागं नसतं. आणि दुसऱ्याच्या मशीनवर काही चढवायच्या आधी त्याला विचारतो, "तुझं सगळं आर्काइव्ह केलंयस ना?"

तुमच्या फोनमधलं जे गेलं तर रडू येईल, त्याची कॉपी आहे का कुठे? हा भाग संपला की आधी ते बघा. भेटू पुढच्या भागात. शुभ रात्री!