शारजा, दुबई आणि माझी जुनी विजेची गाडी

(मासिक बैठकीतल्या भाषणाचा मजकूर. हजर नसलेल्या सभासदांच्या आग्रहावरून.)



मागच्या बैठकीत चहा घेताना मी सहज म्हणालो की माझी गाडी विजेवर चालते. त्यावर इतके प्रश्न आले की संयोजकांनी या महिन्याचा वक्ता तिथेच ठरवून टाकला! मी मोटारींचा तज्ज्ञ नाही. इमारतींच्या एसीची अंदाजपत्रकं करणं हा माझा धंदा. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका वापरणाऱ्याचं, तीन उन्हाळे लिहिलेल्या एका वहीतून.

मी २००६ साली इचलकरंजीहून इथे आलो. तेव्हा आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक बघून गिरणीत दळण न्यावं लागे. वडिलांना फोनवर गाडीचं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "आणि लाईट गेल्यावर रे?" त्यांचं काय चुकलं? २००१ साली बंगळूरहून रेवा निघाली तेव्हा तिला हसणाऱ्यांत मीही होतो.

आता मुद्द्याचं. राहणं शारजात, नोकरी दुबईत देऱ्याला. भाडं परवडतं म्हणून शारजा. इथे बसलेल्या निम्म्या लोकांची हीच कथा आहे. जाऊनयेऊन ३८ किलोमीटर, आणि अल इत्तिहाद रोडवर सकाळी किती वेळ लागेल हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही (आपल्या मंचावर हा शब्द चालत नाही, पण त्या रस्त्यावर सुटतो तोंडातून). पहिल्या गिअरमध्ये सरकत राहण्यात पेट्रोल जाळायचं मला नको होतं. विजेची गाडी रांगेत उभी असताना एसीपुरतीच वीज खाते आणि ब्रेक लावला की थोडी परत मिळवते. म्हणजे ज्या वाहतुकीत पेट्रोलची गाडी सर्वांत वाईट, तिथेच ही सर्वांत बरी.

नवी परवडणारी नव्हती. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतून आलेली २०१५ ची निसान लीफ घेतली, २४ युनिटच्या बॅटरीची. घेताना काय झालं तेही सांगतो. बॅटरीत किती जीव उरलाय हे लीफच्या डॅशबोर्डवर बारा छोट्या दांड्यांनी दिसतं. पहिली जी गाडी पाहिली तिच्यावर बाराच्या बारा. आठ वर्षांची गाडी, तीही वाळवंटात, आणि बारा? विक्रेता म्हणाला, साहेब, ऑर्जिनल. मी तिला वीस किलोमीटर फिरवून आणलं, तर चार्ज तीस टक्के उतरला. धडधाकट बॅटरीत सोळा-सतराच्या वर उतरायला नको. या गाड्यांमधल्या संगणकाची आठवण पुसून टाकली की काही दिवस दांड्या पूर्ण दिसतात, हे मला नंतर कळलं. दुसरी गाडी दहा दांड्यांची होती आणि तसं सांगूनच विकत होते. ती घेतली. चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. त्याऐवजी सव्वादोनशे दिरहमची चार्जिंगची केबल घ्यावी लागली, कारण अमेरिकेतली मूळ केबल तिथल्या १२० व्होल्टची. शिवाय सार्वजनिक चार्जरसाठी एक जोडणी. त्याचा भाव घरी सांगितलेला नाही.

खर्चाचा हिशेब सगळे विचारतात. महिन्याला २२ दिवस धरले तर साधारण साडेआठशे किलोमीटर होतात, म्हणजे १४० युनिट. सार्वजनिक ठिकाणच्या सावकाश चार्जिंगला युनिटला ७० फिल्स, वर व्हॅट. शंभर-एकशेपाच दिरहम झाले. माझ्या जुन्या गाडीला तेवढ्यालाच दोनशेच्या आसपास पेट्रोल लागायचं. म्हणजे वाचले शंभर! आता सालिक बघा. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी एका फेरीला ६ दिरहम. अल ममझरच्या कमानीखालून रोज दोनदा, २२ दिवस: २६४. गाडी विजेवर असो की पेट्रोलवर, कमानीला फरक पडत नाही. इंधनापेक्षा कमान महाग आहे हे मला वही लिहायला लागेपर्यंत कळलं नव्हतं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. हा माझा विषय आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो. लीफच्या बॅटरीला थंड करायला पाणी नाही, पंखाही नाही. बाहेरच्या हवेवर भिस्त. २०१२ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या मालकांनी बॅटऱ्या भराभर उतरत असल्याची तक्रार केली. पुढे कंपनीला तिथे बॅटरीच्या क्षमतेची हमी द्यावी लागली, आणि २०१५ च्या मॉडेलात उष्णतेला जास्त टिकणारी बॅटरी आली. म्हणून मी २०१५ चीच शोधत होतो. गाडी चालण्याने झिजते त्यापेक्षा पूर्ण भरून तापत्या डांबरावर उभी राहण्याने जास्त झिजते. जुलैत आमच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ती रात्री अकरालाही गरम असते. ऐंशी टक्क्यांवर भरू नये, जलद चार्जिंग उन्हाळ्यात टाळावं, सावली मिळाली तर दोन गल्ल्या चालावं. एवढं करूनही दहाच्या नऊ दांड्या झाल्या. घेतली तेव्हा एका चार्जमध्ये नव्वद किलोमीटर जायची, आता ऑगस्टमध्ये सत्तरच्या पुढे मी भरवसा ठेवत नाही.

आणि आता जे सांगायला मला जड जातं ते.

गाडी भरायची कुठे? आमच्या इमारतीला चार्जर नाही. ऑफिसच्या तळघरात परवानगी नाही. आमच्या इमारतीचे नातूर चितगावकडचे, साठीला आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली, खिडकी नसलेली. त्यांच्या खोलीतल्या प्लगमधून वायर बाहेर काढून गाडीला लावायची अशी आमची सोय झाली. मी महिन्याला शंभर दिरहम देत होतो आणि स्वतःला उदार समजत होतो. रात्री दहाला लावायची, पहाटे चाचा काढून ठेवायचे. एप्रिल ते जुलै छान चाललं. मी इथे तुमच्यासमोर पर्यावरणावर बोललोही होतो तेव्हा, आठवत असेल.

जुलैत एका पहाटे चाचांचा फोन आला, "साब, बास आ रहा है." खाली गेलो तर एक्स्टेंशनचा प्लग तपकिरी होऊन वितळायला लागला होता. १३ अँपिअरचा घरगुती प्लग, त्यातून रोज कित्येक तास दहा-बारा अँपिअर, मधे बाजारातली स्वस्त एक्स्टेंशन आणि खोलीत पस्तीसच्या वर तापमान. हे असं करू नये हे मी माझ्या साईटवर नव्या पोरांना शिकवतो! आणि त्या प्लगपासून दोन हातांवर चाचा झोपत होते. दार एकच, आणि त्यातूनच माझी वायर बाहेर गेलेली.

इमारतीच्या व्यवस्थापनाला कळलं. मला एक पत्र आलं, नम्र भाषेत. चाचांचा आठवड्याचा पगार कापला गेला. मी जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, मी लेखी देतो. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही भाडेकरू आहात, तो कामगार आहे, दोन वेगळे विषय आहेत. कापलेले पैसे मी चाचांना दिले. त्यांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले. वायर बंद करायला मात्र मला कोणी सांगावं लागलं नाही.

त्यानंतर दोन महिने दुबईतल्या एका मॉलमध्ये भरली. एका मराठी सिनेमापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. रोज ३८ किलोमीटर म्हणजे दिवसाआड तीन तास मॉलमध्ये. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तिथेच राहायला जा.

मग तिनेच नकाशा काढला. मेट्रोची ग्रीन लाईन २०११ साली सुरू झाली. तिचं टोक अल कुसैसला, शारजाच्या वेशीपाशी, आणि स्टेशनाजवळ मेट्रोच्या प्रवाशांना गाडी फुकट ठेवता येते. इतकी वर्षं मी तिच्या बाजूने ताटकळत जात होतो. आता घर ते स्टेशन नऊ किलोमीटर गाडी, पुढे मेट्रो. सालिकची कमान लागत नाही. बॅटरी आठवड्यातून दीड-दोन वेळा भरली की पुरते. सगळ्या उपनगरी लोकांना हे जमेल असं नाही. मेट्रो शारजात आली असती तर माझ्यासारख्या कितीजणांना गाडीच लागली नसती, हेही खरं. गाडी घेतली ती ऑफिसला जायला, आणि आता ती जाते स्टेशनला, भाजीला, मुलीच्या क्लासला. नऊ दांड्यांना हे काम झेपतं.

वीज स्वच्छ असते का, असं मागच्या वेळी विचारलं होतं. अबुधाबीतल्या बराका अणुवीज केंद्राचे चारही संच २०२४ पासून चालू आहेत आणि देशाची साधारण पाव वीज ते देतात. सौर वाढते आहे. बाकीची बहुतांश गॅसवरच. म्हणजे माझी गाडीही बरीचशी गॅसवर चालते, फक्त धूर माझ्या मागे निघत नाही. यावर पुन्हा कधीतरी कोणी जाणकाराने बोलावं.

घ्यावी का? तुमच्या व्हिलाला स्वतःची भिंत असेल, तिच्यावर वायरमनकडून नीट वेगळी लाईन काढून घेणार असाल, तर जरूर घ्या. जुनी घेतलीत तर वीस किलोमीटर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पाण्याने थंड होणारी बॅटरी मिळाली तर माझ्यापेक्षा सुखी व्हाल. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी रात्री गाडी कुठे भरणार ते ठरवा. त्यासाठी कोणाच्या खोलीतून वायर काढावी लागणार असेल, तर थांबा.

चाचा अजून आमच्याच इमारतीत आहेत. सकाळी गाडीची काच पुसताना आत डोकावून विचारतात, "साब, कितना दाना बाकी?" दांड्यांना ते दाने म्हणतात. मी म्हणतो नऊ. पुढच्या उन्हाळ्यात आठ होतील असं त्यांचं भाकीत आहे आणि माझंही.

वही आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवतो. हिशेबात चूक सापडली तर सांगा.