गाडीतला जळका वास

आज आम्ही पापड-कुरडयांबद्दल नाही, आमच्या गटाच्या जुन्या व्हॅनबद्दल बोलणार आहोत. कर्ज काढून घेतलेली ही गाडी. आठवडी बाजाराला माल न्यायचा, अडीनडीला एखादी बाळंतीण दवाखान्यात पोचवायची, अशी तिची कामं.

मागच्या पावसाळ्यात बाजारातून परतताना, दिवेलागणीला, घाटात गाडीचे दिवे मिणमिणले. जळक्या रबराचा वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. चालवणाऱ्या ताईंनी गाडी कडेला घेऊन चावी बंद केली. आम्ही सगळ्या उतरून लांब झालो. तरी धूर थांबेना, कारण चावी बंद केली तरी काही तारांत बॅटरीची वीज असतेच. मग ताईंनी पान्यानं बॅटरीची वजा बाजूची तार सोडली, तेव्हा कुठं धूर विरला. जाळ दिसला असता तर गाडीला हातही लावला नसता. माल गेला तरी चालेल, माणूस जायला नको.

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या वायरमननं दाखवलं. आम्ही गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावायचो. उंदरांनी दिव्याच्या तारेचं आवरण कुरतडलं होतं आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला लागत होती.

पण खरी चूक आमचीच होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून आम्हीच त्याच्या जागी साधी तार लावून घेतली होती. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करायला. जादा वीज वाहिली की तो स्वतः वितळतो आणि पुढची तार वाचवतो. आमच्याकडे तो राखणदारच नव्हता, म्हणून आतली तार चुलीतल्या सळईसारखी तापली. दहा-वीस रुपये वाचवले आणि सहा जणींचा जीव टांगणीला लावला.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवतो. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. त्यावर आकडाही असतो. दुसराही उडाला तर तिसरा लावत नाही, वायरमन गाठतो.

बॅटरीची तार सोडताना आधी वजा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी आधी काढून ठेवायची. जवळ काडी, विडी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर तारा सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं घासतो, पुसून कोरडं करतो. गाडी सुरू होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी हे पाहा. पुष्कळदा दोष टोकांवरच असतो.

कुरतडलेल्या तारेवर नुसती टेप गुंडाळून भागत नाही. तुटका भाग काढून तेवढ्याच जाडीची तार घालायची, जोडाला डाख द्यायचा आणि मग वरून आवरण.

गाडी आता कडब्यापासून लांब उभी असते. दर सोमवारी एक जण बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेली तार पाहते आणि गटाच्या वहीत सही करते.

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीत फ्यूजच्या जागी तार तर नाही ना, एवढं आजच बघा.