बर्फाच्या पोटातील जमाखर्च



मी कामगार संघटनेचा माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. असा माणूस दक्षिण ध्रुवाकडील बर्फावर बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ताळेबंद वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हा विषय परका नाही.

1983-84 च्या मोहिमेत भारताने अंटार्क्टिकावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले ठाणे उभारले, तेही समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या अवाढव्य लादीवर. वर्षानुवर्षे हिम साचत गेले, ठाणे गाडले गेले आणि 1990 साली ते सोडावे लागले. असे हे हिम थरावर थर दाबले जाऊन खाली जाते. ते थर न खणता कसे पाहावयाचे?

मिरकरवाड्याचा तांडेल यंत्राने पाण्यात आवाज सोडून तळ किती खोल ते पाहतो. रडार आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडते. घट्ट बर्फात त्या सेकंदाला सुमारे 1,68,000 किलोमीटर धावतात. एका थराची घनता निराळी, दुसऱ्यात ज्वालामुखीचे आम्ल. अशा ठिकाणाहून लहरींचा काही अंश परततो. जाण्यायेण्यास सेकंदाचा दहा लाखावा भाग लागला, तर थर 84 मीटर खोल समजावा. भोक पाडून काढलेल्या नमुन्यावरून थराचे वय ठरते.

गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि नॉर्वेची ध्रुवीय संस्था यांनी निवलिसेन नावाच्या लादीवर हे काम केले. वरच्या थरांवरून सुमारे 30 वर्षांची हिमाची जमा वाचली. एकाच जागी रडार पुन्हा पुन्हा लावून समुद्र खालून किती बर्फ झिजवतो, तो खर्चही मोजला. समुद्राकडील कडेजवळ तो सर्वांत अधिक निघाला.

वेतनाच्या बोलणीत कोणी ‘सरासरी पगार’ पुढे केला, की आम्ही विचारतो, सर्वांत कमी कोणाला मिळतो? रडारही तेच विचारते: लादी नेमकी कोठे झिजते?

आपला त्यात काय संबंध? लादी तरंगतीच असल्याने ती वितळून समुद्र फारसा चढत नाही. पण जमिनीवरच्या बर्फाला तिचा अडसर असतो. तो झिजला, की मागचा बर्फ समुद्रात वेगाने उतरतो आणि पाणी चढते. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर उधाणाची लाट आदळताना ज्याने पाहिली आहे, त्याला यापुढे सांगावयास नको. दूरचा म्हणून हा हिशेब दुसऱ्यावर सोपवू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.