ताटात उरलेली अर्धी पोळी

फौजेत मी पाच मिनिटांत ताट साफ करायचो. आता अर्धी वाटी वरण संपवायला पंचवीस मिनिटं लागतात. स्लीव्ह सर्जरीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात; उरते केळ्याएवढी नळी. म्हणून आधी पनीर किंवा अंडं, जागा राहिली तर पोळी. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं, घोट घोट. बी-12च्या गोळ्या जन्मभर. एका लग्नात घाईनं भाताचे चार घास गिळले आणि पंगतीतून उठून बेसिन गाठलं! तेव्हापासून चहाच्या चमच्यानं जेवतो.

अवघड गेलं ते वेगळंच. पानात टाकायचं नाही, ही आईची शिकवण. पहिल्यांदा अर्धी पोळी उरली तेव्हा बायकोकडे बघवेना. तिनं काही न बोलता ती स्वतःच्या ताटात घेतली. आता मला वाटीतच वाढते.