आखडलेल्या बोटांचं मोजमाप

अमेरिकेत सैन्यसेवेमुळे बोटाचा सांधा कायमचा आखडला, तर माजी सैनिकाच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते. भरपाई मुख्यतः तिच्यावर अवलंबून. अंगठा सोडून इतर बोट शक्य तितकं मिटायला लावतात आणि टोक तळहातावरच्या आडव्या रेषेपासून किती दूर राहतं ते मोजतात. अंतर ५.१ सेंटिमीटरहून जास्त असेल, तर आखडणं प्रतिकूल धरतात. अंगठ्याला १० किंवा २० टक्के, तर्जनीला किंवा मधल्या बोटाला १०. सरावाच्या हाताची पाचही बोटं प्रतिकूल आखडली, तर ६०. एकट्या अनामिकेला किंवा करंगळीला मात्र सहसा शून्य! हातोड्याची घट्ट पकड याच बोटांवर टिकते, म्हणून हे शून्य मला फार खटकतं. तरीही अर्ज जरूर करावा. शून्य टक्क्यानेसुद्धा इजा सेवेतली असल्याचं सरकारदरबारी मान्य होतं.